जुन्या फोर्डच्या तळाच्या फळ्यांसाठी लाकूड

प्रश्न : आमच्या 1930 च्या फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या तळाच्या पुढील फळ्या कुजल्या आहेत. नव्या फळ्या सागाच्या कराव्यात की प्लायवूडच्या? – एक वाचक, कराड

उत्तर : सातारा जिल्ह्यातील दमट पावसाळा आणि कोरडा उन्हाळा पाहता, पेडलसाठी व गिअरच्या दांड्यासाठी भोके पाडलेली अखंड फळी आडवी फुगून-आकसून भोकांपाशी तडकण्याची भीती असते, प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. म्हणून आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन (पाण्याला टिकणारे) प्लायवूडच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची जाडी जुन्या फळीच्या न कुजलेल्या भागावर मोजून ठरवावी. सागाचाच आग्रह असेल, तर गाभ्याचे, पूर्ण वाळलेले लाकूड निवडावे. बाहेरचा पांढरट भाग, जो स्वस्त म्हणून गळ्यात मारला जातो, कीड आणि कूज या दोन्हींना लवकर बळी पडतो. बाभूळ बैलगाडीला उत्तम, येथे मात्र विनाकारण वजन. लाकूड कोणतेही असो, कापलेल्या कडा व भोकांच्या आतील बाजू व्हार्निशने पूर्ण बंद कराव्यात, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते. जुन्या फळ्या तूर्त टाकू नयेत. भोकांचा साचा त्यांच्यावरूनच काढावा लागेल.