माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर?

बडोद्यात हल्ली चाळिशी-पन्नाशीत सायकल हाती घेतलेली बरीच माणसं दिसतात. कोणाचं वजन, कोणाची साखर, कोणाला नुसता कंटाळा. पहिले काही महिने मजेत जातात. मग ग्रुपमधलं कोणीतरी लांबच्या राइडचं नाव काढतं आणि झोप उडते. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘मला झेपलं नाही आणि माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर?’

ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांनीही हेच विचारलं होतं. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या अलीकडचं, एका खासगी कंपनीत हिशेब बघतात, राहणं दांडिया बाजारात. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि यांनी भाच्याची पडून असलेली गिअरची सायकल पुसून काढली. आधी कमाटीबागेभोवती फेऱ्या, मग आजव्याचा रस्ता. ग्रुपने जानेवारीत नर्मदाकाठच्या गरुडेश्वरला जायचं ठरवलं: डभोई, तिलकवाडा करत एका बाजूने साधारण 80 किलोमीटर, परत गाडीने. घरात टेंबे स्वामींची, म्हणजे दत्तसंप्रदायातल्या वासुदेवानंद सरस्वतींची भक्ती. 1914 साली स्वामी जिथे समाधिस्थ झाले तिथे स्वतःच्या पायांच्या जोरावर जायचं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण रात्री तीनला जाग यायची.

“थांबावं लागलं, तर पुढे काय होईल?” मी विचारलं.

“सगळे थांबतील.”

“मग?”

“मग काय मॅडम, कसंतरीच वाटेल ना.”

याच्या पुढे वाक्य सरकेना. काळजी वाईट क्षणापर्यंत आणून सोडते, त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय घडतं ते कधी दाखवत नाही. अशा वेळी ‘तुम्हाला नक्की जमेल’ असं मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नसतं, आणि असा दिलासा घरचा जिना चढेपर्यंतही टिकत नाही. आम्ही ती दहा मिनिटं कागदावर लिहायला घेतली. दमल्यावर कोणाला सांगायचं, कुठे बसायचं, काय खायचं, किती वेळाने उठायचं, नाहीच उठता आलं तर गाडी कुठे येणार.

मग रस्त्याचे तुकडे पाडले. कपुराई चोकडीला, म्हणजे चौकात, हायवेचे ट्रक, तिथे सायकलवरून उतरून चालत पलीकडे जायचं. यात लाज कसली? डभोई 30 किलोमीटरच्या आसपास, तिथे हिरा भागोळ या जुन्या दरवाजापाशी यजमान गाडी घेऊन थांबणार. पुढे जायचं की गाडीत बसायचं हे डभोईलाच ठरेल, त्याआधी नाही. दुसरी अशी जागा तिलकवाडा. माघारी फिरण्याची जागा घरी बसून ठरवलेली असली, की उन्हात उभं राहून स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

एक गृहपाठ त्यांना जड गेला. ग्रुपच्या म्होरक्याला फोन करून आपला खरा वेग सांगायचा: ताशी 16 किलोमीटर. म्हणजे नुसतं पॅडल मारण्याचे पाच तास, वर थांबे. आठवडाभर फोन झाला नाही. झाला तेव्हा तिकडून उत्तर आलं, “मग तुम्ही पुढे राहा ताई, वेग तुम्हीच ठरवा. आणि सगळ्यात मागे आमचा एक जण कायम असतो, तो कोणाला मागे सोडत नाही.” चांगल्या ग्रुपमध्ये ही जुनी रीत आहे. ज्या ग्रुपमध्ये हे विचारायचीही सोय नाही, त्यांच्याबरोबर पहिली लांबची राइड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शरीराचं. नवख्या माणसाला शरीराच्या प्रत्येक नव्या कुरबुरीत संकट दिसतं. छातीत दुखणं, दाब येणं, गरगरणं याला मी कधीच ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. तिथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. ताईंना डॉक्टरांची हरकत नव्हती आणि साखरेचं औषधही चालू नव्हतं. ज्यांना इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी लांब राइडआधी डोस आणि खाणं डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, कारण व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. बाकीच्या कुरबुरींची मात्र ओळख करून घेता येते. मी त्यांना प्रत्येक सरावानंतर दोन ओळी लिहायला सांगितल्या: कितव्या किलोमीटरला शरीर काय म्हणालं, मन काय म्हणालं.

वहीत पहिल्यांदा आला गुडघा, समोरच्या बाजूने दुखणारा. सीट किती उंच, असं विचारलं तर म्हणाल्या, “दोन्ही पाय जमिनीला टेकतात एवढी.” भीती कुठे बसली होती बघा! सीट खाली ठेवली की धीर वाटतो, पण गुडघा सतत जास्त दुमडलेला राहतो आणि बोलायला लागतो. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासा बाक उरतो. त्यांनी सीट एकदम नाही, दर आठवड्याला बोटाच्या रुंदीएवढी वर घेतली, आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचं मैदानात घोटवलं. माझ्या दृष्टीने सगळ्या तयारीतला खरा उपचार हाच होता.

मग बसण्याच्या जागेचं दुखणं. बायका याबद्दल दुकानात विचारत नाहीत, म्हणून इथे लिहिते: पॅड असलेली शॉर्ट आत दुसरं काही न घालता घालायची असते, नाहीतर शिवण घासून कातडी सोलवटते. वरून कुर्ता घाला, सैल पँट घाला, कोणी बघत नाही. हाताच्या करंगळीला मुंग्या येत होत्या, त्यावर पकड बदलत राहणं आणि कोपर सैल सोडणं पुरलं.

सगळ्यात मजेशीर नोंद मात्र मनाची होती. ‘35 किलोमीटरनंतर सगळ्यांचा राग येतो. आपण कशाला आलो असं वाटतं.’ दोन-तीन सरावांत तेच, त्याच सुमारास. मी विचारलं, तोवर काय खाल्लं? चहा. ताई दर गुरुवारी उपवास करतात, रिकाम्या पोटाची त्यांना सवय आणि थोडा अभिमानही. पण दोन-एक तास जोर लावला की स्नायूंतला साखरेचा साठा उतरत जातो, मेंदूलाही ते कळतं, आणि माणूस त्याला स्वतःचा नालायकपणा समजतो. ज्या विचाराने त्यांची रात्र जात होती, तोच रस्त्यावर भुकेच्या वेळी हजर व्हायचा.

खायला तयार होईनात, कारण दर्शनाआधी खायचं नाही असं मनात धरलेलं. त्यावर मी उपदेश केला नाही, तो माझा प्रांतही नव्हे. फक्त विचारलं, उपवासाला काय चालतं? राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं, रताळं, साबुदाणा. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला हवं ते जवळजवळ सगळं त्या यादीत होतं! सासूबाईंनी निकाल दिला, “दत्तमहाराज कोणाला चक्कर येऊन पडायला सांगत नाहीत.” पहिल्या तासानंतर ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं असा साधारण हिशेब धरतात, मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात. एक केळं आणि एक लाडू तासाभरात विभागून, पाणी तहान लागायची वाट न बघता घोट घोट, एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. 35 व्या किलोमीटरचा राग पुढच्याच सरावात गायब. सेव उसळीवर मात्र राइड संपेपर्यंत बंदी. ती मी कडकपणे घातली.

अंतर आठवड्याला थोडं थोडंच वाढवलं. शेवटचा मोठा सराव डभोईला जाऊन परत, म्हणजे 60 च्या जवळपास. 80 ची राइड करायला आधी 80 करून बघायची गरज नसते, तीन चतुर्थांश झालं तरी पुष्कळ. शेवटच्या आठवड्यात हलकं चालवायचं, आणि नवे बूट, नवी सीट, नवा पदार्थ त्या दिवशी काढायचा नाही. जानेवारीत बडोद्यात सव्वासातपर्यंत सूर्य उगवत नाही, म्हणून सहाला निघताना मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, चमकणारं जाकीट. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप. हेल्मेटबद्दल चर्चा नाही.

त्या दिवशी ग्रुप अनेकदा थांबला. बाभळीच्या काट्याने एकाचं पंक्चर, एकाची चेन उतरली, डभोईला चहा रेंगाळला. तिलकवाड्याच्या पुढे रस्ता थोडा वर-खाली होतो, तिथे एका चढावर ताईंचे पाय खरंच संपले. ज्याला घाबरून झोप जात होती ते घडलं. त्यांनी मागच्या मुलाला ठरल्याप्रमाणे सांगितलं, सावलीत बसल्या, लाडू खाल्ला. बाकीचेही बसले. एकाने बूट काढून पाय पसरले आणि म्हणाला, “बरं झालं ताई, मला सांगायची लाज वाटत होती.” पंधरा मिनिटांनी सगळे निघाले, चढ त्यांनी सायकल हातात धरून चालत काढला आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास गरुडेश्वरला पोचल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी पावागडचं काढलं. हालोलपर्यंत फारसा चढ नाही, पायथ्याचं चांपानेरही सहज होईल. पण तिथून डोंगरावरच्या माचीचा घाट म्हणजे सरळ चढ. तो सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासून घ्या, उतरताना तेच लागणार आहेत, एवढं सांगून मी त्यांच्या झोपेबद्दल विचारलं. “झोप? ती येते हो आता,” म्हणाल्या आणि पुन्हा घाटाबद्दल विचारू लागल्या.