अस्तंब्याचा सुळका आणि पाड्यांवरची माणसे

प्रश्न : सातपुड्यातील अस्तंब्याला दिवाळीत यात्रा का भरते, आणि त्या डोंगराभोवती कोणाची वस्ती आहे? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, म्हणजेच धडगाव तालुक्यात सुमारे १,३२५ मीटर उंचीचे हे बेसॉल्टचे शिखर आहे. कपाळीची जखम घेऊन चिरंजीव अश्वत्थामा येथेच भटकतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो, अशी श्रद्धा असल्यामुळे धनत्रयोदशीच्या सुमारास भाविक अवघड वाट चढून जातात.

भोवती प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे आहेत. येथे घराला घर लागून नसते. ज्याचे त्याचे शेत आणि त्या शेतातच बांबूच्या कुडाचे, मातीने लिंपलेले घर, त्यामुळे एकच गाव टेकड्या-टेकड्यांवर विखुरलेले दिसते. उन्हाळ्यात याच अंगणांत कैऱ्या सोलून त्यांच्या पांढुरक्या फोडी वाळत घातल्या जातात. धडगावचा आमचूर बाजारात प्रसिद्ध आहे, मात्र त्यामागचे बायाबापड्यांचे दिवसदिवसाचे कष्ट फारसे कोणी विचारात घेत नाही, याची मला खंत वाटते. यात्रेला जाल तेव्हा शिखराइतकेच या पाड्यांकडेही आवर्जून पाहावे आणि प्लॅस्टिकचा कचरा मात्र परत आणावा, कारण खालच्या झऱ्यांचे पाणी हीच माणसे पितात.