कोविडमधून बरं होऊनही सारखी भीती वाटते, दिवसभर ऑक्सिमीटर लावत बसतो. हे कधी थांबेल?

तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तरी रात्री दचकून जाग येते आणि घरचे म्हणतात, 'मनावर घेऊ नकोस'. (मनावर न घेण्याचं बटण कुठे असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.)

एप्रिल २०२१ मध्ये मी ११ दिवस ऑक्सिजनवर होतो. सीटी स्कोअर, म्हणजे स्कॅनमध्ये फुफ्फुसांना किती संसर्ग दिसतो त्याचा आकडा, २५ पैकी १४. शेजारच्या बेडवरच्या काकांनी एका संध्याकाळी माझा चार्जर मागून घेतला. पहाटे तो सिस्टरने मला परत आणून दिला.

घरी आलो, ओवाळून झालं, आणि तिसऱ्या रात्री सुरू झालं. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरत नाही. ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के! हायसं वाटलं, पण दहाच मिनिटं. पुन्हा लावला. पुढे तो शर्टाच्या खिशातच असायचा. एकदा ९१ दिसलं म्हणून बायकोला उठवून रात्री दोन वाजता कॅज्युअल्टी गाठली. तिथल्या डॉक्टरांनी माझं गार पडलेलं बोट चोळलं, त्यांचं मशीन लावलं. ९८.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्या ९९ चा उलगडा झाला. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो. त्याने ऑक्सिजन कमी होत नाही, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मुंग्या, गरगरणं आणि गंमत म्हणजे श्वास अपुरा वाटणं, हे सगळं त्यातूनच. म्हणजे मी नेमका चुकीचा आकडा तपासत होतो. आणि दर वेळी आकडा बघून सुटका मिळाली की मेंदू शिकतो, 'बघितलं म्हणून वाचलो'. पुढची खेप आणखी लवकर येते.

त्यांनी मशीन हिसकावून घेतलं नाही. आधी दिवसातून चारच वेळा, ठरलेल्या वेळी. मग दोनदा. मधे कितीही वाटलं तरी थांबायचं आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. पहिला आठवडा भयंकर गेला, खोटं कशाला सांगू. सोबत गोळीही होती. तिचा गुण यायला तीनेक आठवडे लागले. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

एक मात्र आधी करा. जिना चढताना खरोखर दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर 'मनाचंच आहे' म्हणून सोडून देऊ नका, फिजिशियनला दाखवा. साखर आणि थायरॉइडही बघून घ्या. स्टेरॉइड चालू असताना झोप उडते आणि साखर वाढते, हे मला डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

'मलाच का' असं वाटत असेल तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २,३६,३७९ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, बहुतेक अमेरिकेतल्या. सहा महिन्यांत १७ टक्के लोकांच्या नोंदीत चिंताविकाराचं निदान होतं, त्यात आधीपासून त्रास असलेलेही आले. त्याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की चिंतेचा हा वाढीव धोका साधारण दोन महिन्यांत ओसरतो. ही सरासरी झाली. मला आठ महिने लागले, त्यातले पहिले तीन कुणाला न सांगण्यात गेले.

गावात डॉक्टर नसतील किंवा जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

माझा ऑक्सिमीटर अजून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. मध्यंतरी लेकीने रिमोटसाठी त्यातले सेल काढून घेतले. मला ते दोन आठवड्यांनी कळलं.