जेवढं घडलं, तेवढंच सांग

प्रिय पोरी,

पहाटे तीनला पाठवलेला तुझा मेसेज वाचला. वर विचारलंयस, 'मी खोटारडी आहे का?' आणि खाली, 'पुढच्या कार्यक्रमाला तोच पिवळा टी-शर्ट घालून पुढे उभी राहिले, तर ती गायिका मला ओळखेल ना?' पहिला प्रश्न वाचून वाईट वाटलं. दुसरा वाचून चिडलो. म्हणून सविस्तर लिहितोय. मेहनत कर, रियाज कर वगैरे सांगत बसत नाही, ते तुला कळतं.

आधी काय झालं ते बघू. कार्यक्रमात त्या गायिकेने स्टेजच्या कठड्यावरून तुझ्यापुढे माइक खाली धरला, तू ध्रुवपदाच्या दोन ओळी म्हटल्यास, ती हसली आणि पुढे गेली. कुणीतरी ते शूट केलं, क्लिप पसरली. ज्यांनी वर्षभर तुझं नाव विचारलं नव्हतं, ते आठवडाभर तुझ्याबरोबर सेल्फी काढत होते. मग दुसरी कुठलीतरी क्लिप आली. आता मागे उरलंय तुझ्या प्रोफाइलवरचं 'तिची सहगायिका', आणि पास मिळवून दे म्हणून मागे लागलेली मंडळी. 'माझी तिची ओळखच नाही' हे त्यांना सांगायची आता तुला लाज वाटते.

क्लिप खरी आहे, तिची लाज वाटायचं कारणच नाही. तू पदरचं घातलंस, तिथून ही लाज सुरू झाली. जेवढं घडलं, तेवढंच सांग.

स्कॉट हॅल्पिनचं नाव ऐकलंयस? २० नोव्हेंबर १९७३, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस सभागृह. 'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून वाजवता वाजवता कोसळला. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने प्रेक्षकांनाच विचारलं, कुणाला ड्रम वाजवता येतात का? एकोणीस वर्षांचा हा मुलगा वर चढला आणि तीन गाणी वाजवून खाली उतरला. तो काही त्या बँडचा ड्रमर झाला नाही. पण ती तीन गाणी त्याने स्वतःच्या हातांनी वाजवली होती, त्यात भर घालायची गरज काय?

लिझी ब्राव्हो तर तुझ्याच वयाची, सोळा वर्षांची. ब्राझीलहून लंडनला गेलेली, बीटल्सच्या स्टुडिओबाहेर ताटकळणाऱ्या मुलींपैकी एक. ४ फेब्रुवारी १९६८ ला 'अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स'साठी वरच्या पट्टीतला आवाज हवा होता, म्हणून तिला आणि गेलीन पीज या दुसऱ्या मुलीला आत बोलावलं. १९६९ च्या अखेरीस वन्यजीवांच्या मदतीसाठी निघालेल्या रेकॉर्डवर ते गाणं आलं, त्यात दोघींचे आवाज आहेत. पुढच्याच वर्षी बीटल्सच्या 'लेट इट बी' अल्बममध्ये तेच गाणं आलं, तर त्यात दोघी गायब! लिझी त्या दिवसांत डायरी लिहायची. २०१५ साली तिचं पुस्तक आलं, ते त्या डायऱ्यांच्या जोरावर. तूही आज रात्री लिहून काढ. काय झालं, कोण काय म्हणालं, बस्स. महिन्याभराने लिहायला बसशील तर तिने तुला मिठीही मारलेली असेल.

आता माझं. तुझ्या वयाचा असताना एका नावाजलेल्या गायकाच्या कार्यक्रमात कोरसमधला मुलगा आला नाही, म्हणून मला उभं केलं. एकच गाणं. पेपरात फोटो आला, त्यात त्यांच्या खांद्यामागे माझं अर्धं तोंड. घरच्यांनी तो दाखवून दाखवून 'हा त्यांच्याकडे गातो' असं करून टाकलं, आणि मी एकेकाला दुरुस्त करत सुटलो. पुढे रेकॉर्डिंगचं काम देणाऱ्या एकाने विचारलं, 'त्यांच्याकडे होतास ना?' मी म्हटलं, एका गाण्याला, मागच्या रांगेत. काम दुसऱ्याला गेलं. दादा अजून म्हणतो, एकदा 'हो' म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं, मलाही माहीत आहे. रेडिओवर एखादा चांगला कोरस लागला की आत काहीतरी खुपतं, तेही खरं. पण त्या 'हो'च्या पाठोपाठ दुसरं 'हो' आलं असतं. उद्या तो म्हणाला असता, जरा त्यांना फोन लाव, तर? तुझं आत्ता तेच झालंय ना? मी हट्टी होतो, आहे, आणि या बाबतीत मला कुणी समजवायला येऊ नये. दादानेही.

आणि हो, घाबरून उलट्या टोकाला जाऊ नकोस. 'काही नाही, असंच' म्हणून झटकून टाकणं म्हणजे घडलं त्यापेक्षा कमी सांगणं. तेही नको. क्लिप मी हेडफोन लावून ऐकली आहे. दुसऱ्या ओळीत वर जाताना तू माइकपासून तोंड जरा मागे घेतलंस, आणि सूर नेमका लागला. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. ते तुझं. तिचं हसणं तिचं, तिचे चाहते तिचे. जेवढं घडलं तेवढंच सांग म्हणतो, तेव्हा हेसुद्धा सांग!

टी-शर्टचं म्हणशील तर घाल की. फक्त पुढे उभी राहून हातवारे करू नकोस, तिला गाऊ दे. तिला तू आठवणार नाहीस, दर कार्यक्रमात ती कुणापुढे तरी माइक धरते. प्रोफाइलवरची ती ओळ आजच काढ. आणि पासवाल्या मित्राला आधी कळव, तो तुझ्या भरवशावर तिकीट न काढता बसलाय.

तुझा,
काका