साइड इमेजिंग: आधी रेंज, कलर सगळ्यात शेवटी

तू लिहिलंयस की अमेरिकेतल्या जॉर्जियात लेक लॅनियर या धरणाच्या तलावावर साइड इमेजिंग, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचा तळ आवाजाने दाखवणारं सोनार, लावून दोन रविवार फिरलास, रेंज दोन्हीकडे १५० फूट, स्क्रीनवर नुसता चिखल, ब्रश पाइल (मासे जमावेत म्हणून बुडवलेला फांद्यांचा ढीग) एकही दिसली नाही, तर आता कलर कुठला लावू. कलर राहू दे रे, आधी रेंज कमी कर.

हिशोब बघ. तुझी स्क्रीन १०२४ पिक्सेल रुंद, म्हणजे एका बाजूला ५१२, त्यात १५० फूट कोंबले की फुटाला साडेतीन पिक्सेलही येत नाहीत, मग सहा फुटांची ब्रश पाइल दिसणार तांदळाच्या कणीएवढी. ७५ वर आण, लगेच दुप्पट होते. काठाकाठाने जात असशील तर दुसरी बाजू बंदच कर, पूर्ण स्क्रीन एकाच बाजूला मिळते. नवीन भाग चाळताना सोनारच्या आवाजाची फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ ठीक आहे, लांबवर पोचतं, पण काहीतरी दिसलं की ८०० वर येऊन त्याच्या शेजारून परत एकदा जायचं.

बोट ताशी ३ ते ५ मैल, आणि सरळ. वळताना जे दिसतं ते वाकडंतिकडं असतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. चार्ट स्पीड, म्हणजे स्क्रीनवर चित्र सरकण्याचा वेग, बोटीच्या स्पीडला जुळव, जास्त ठेवलास तर गोल दगडसुद्धा लांबुडका दिसतो, कमी ठेवलास तर चेपलेला.

आता खरी गोष्ट, सावली. मधला काळा पट्टा म्हणजे बोटीखालचं पाणी, तो जिथे संपतो तिथे तळ सुरू, कडक तळ उजळ आणि गाळ काळपट. तळावरच्या वस्तूमागे आवाज पोचत नाही म्हणून तिथे काळी सावली पडते, आणि झाड ओळखायचं ते सावलीवरून, फांद्या तिथेच सुट्या दिसतात. उंचीही निघते. पाणी २० फूट, सावलीचं टोक ६० फुटांवर, सावली १५ फूट लांब, तर १५ गुणिले २० भागिले ६०, वस्तू ५ फूट उंच. पांढरा ठिपका आणि त्याची सावली यात फट असेल तर तो मासा, तळापासून वर तरंगतोय. हे सगळं दिसायला सावली काळीच राहिली पाहिजे, म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती हलका प्रतिध्वनी स्क्रीनवर दाखवायचा ते, वाढवत जा आणि सावली राखाडी व्हायला लागली की एक पायरी मागे ये, मग कॉन्ट्रास्ट थोडा वर. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, सेन्सिटिव्हिटी फुल करतात आणि सावल्याच पुसून टाकतात.

गळ टाकताना एक लक्षात ठेव, स्क्रीनवरचं अंतर तिरकं असतं. २५ फूट पाण्यात ४० फुटांवर दिसलेली वस्तू आडवी मोजली तर ३१ फुटांवरच असते, ४० वर टाकलंस तर पलीकडे पडेल. आणि लॅनियरला जपून, तिथलं बुफर्ड धरण भरलं तेव्हा खोल भागातली बरीच झाडं तशीच उभी राहिली, त्यामुळे लांब बारीक सरळ सावली दिसली की ते उभं झाड, ब्रश पाइल नाही, तिथे गळ खाली सोडलास की अडकलाच समज.

कलरचं म्हणशील तर मी तपकिरी-पिवळा वापरतो, उन्हात सावली चांगली उठते. पण निवडताना बोटीवर जो गॉगल घालतोस तो घालूनच निवड, पोलराइज्ड काचेतून काही स्क्रीन काळपट दिसतात.