'अवयव पाडा' मधलं पाडणं

प्रश्न असा आला आहे: भाचीच्या आठवीच्या गणितात 'पुढील राशींचे अवयव पाडा' असं वाचून तिला खाटिकखाना आठवला. पाडणे म्हणजे मोडणे, खाली आणणे. मग हिंदीसारखं 'गुणनखंड करा' जास्त बरोबर नाही का?

खाटिकखाना आवडला. पण पाडण्याचा एवढाच अर्थ असता तर घरोघरी वड्या पाडल्या नसत्या. भिंत पाडतात, झाडावरच्या चिंचा पाडतात, तशा कढईत जिलब्याही पाडतात आणि टाकसाळीत नाणीही. या दुसऱ्या पाडण्यात नासधूस नाही. सुटे सुटे, आकाराला आलेले नग करणं आहे. (घाऊक कवी कविता पाडतो, ते मात्र कुणी कौतुकानं म्हणत नाही.)

खरी गोम 'अवयव' या शब्दात आहे. अवयव म्हणजे अंग, भाग. आणि भाग म्हटला की मनात बेरीज येते. हात, पाय, धड मिळून शरीर. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव आहेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तेही एकापुढे एक मांडायचे. बीजगणितातले अवयव गुणायचे असतात. क्ष² + ५क्ष + ६ यात बेरजेनं जोडलेली पदं तीन, पण अवयव दोनच: (क्ष + २) आणि (क्ष + ३). पोरं घसरतात ती इथे.

भाचीला वड्यांचं चौकोनी ताट दाखवा. सुरीनं आडव्या ४ रांगा, उभ्या ६. वड्या झाल्या २४. एकेक वडी हा बेरजेतला भाग. ४ आणि ६ हे २४ चे अवयव, आणि ते कुठल्याच वडीत सापडत नाहीत, आडव्या-उभ्या रांगांच्या मोजणीत सापडतात.

शिक्षक बोलता बोलता आणखी एक भेद पाळतात. ५क्ष चे २क्ष + ३क्ष करताना 'मधल्या पदाची फोड करा' म्हणतात. फोड बेरजेची. पुढे क्ष(क्ष + २) + ३(क्ष + २) झालं की (क्ष + २) 'सामाईक काढायचा'. एवढं झाल्यावर अवयव पडले. फोडणं, काढणं, पाडणं. एकाच गणितात तीन क्रियापदं, आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

'गुणनखंड' शब्दात गुणाकार उघड दिसतो, हे मान्य. तरी मी 'अवयव'च ठेवीन, कारण पाडण्याला पडण्याची जोड आहे. फळ्यावर क्ष² + ९ लिहिलं की पोरगं खडू हातात धरून थांबतं आणि म्हणतं, "सर, याचे अवयव पडत नाहीत." मागच्या बाकावरून आवाज येतो, "उणे नऊ असते तर पडले असते!"