आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थोडी फुगली आहे, वापरली तर चालेल का? फ्लॅटमध्ये चार्ज करणं सुरक्षित आहे का?

फुगलेली बॅटरी आजपासून चार्जरला लावू नका. दुसरी, न फुगलेली बॅटरी फ्लॅटमध्ये चार्ज करता येते, पण सध्या करताय तशी नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, फोमचं ट्रेनर विमान आहे, ३एस (ओळीने जोडलेले तीन सेल) आणि २२०० एमएएच क्षमतेच्या दोन बॅटऱ्या आहेत, घर सातव्या मजल्यावर आहे, आणि बॅटरी रात्री झोपताना त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर चार्जिंगला लावून ठेवता. दुकानदाराने "थोडी फुगली तर चालते" असं सांगितलं. मे महिन्यात हे सगळं सामान अकोल्याला आजोळी न्यायचंय. हे वाचताना फुगलेल्या बॅटरीपेक्षाही मला जास्त भीती वाटली ती रात्रीच्या चार्जिंगची. ते आज रात्रीपासूनच बंद करा, बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

मी चौदा वर्षं आरसी विमानं उडवतोय. त्यात एकदाच आग पाहिली, आणि ती माझ्याच घरात. विमान बाभळीला घासून नाकावर आपटलं होतं. बॅटरीचा एक कोपरा किंचित दबला होता, अंगठ्याने चेपल्यासारखा. तिन्ही सेलचं व्होल्टेज मोजलं तर ठीक आलं, म्हणून त्याच संध्याकाळी गॅलरीत वॉशिंग मशीनवर ठेवून चार्जिंगला लावली आणि चहा प्यायला आत गेलो. वीस-पंचवीस मिनिटांनी कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज आला. गॅलरीच्या दारात पोहोचेपर्यंत पांढरा धूर सुटला होता. मग भसकन ज्वाळा निघाली, काही सेकंदांनी दुसरा सेल पेटला, मग तिसरा. मशीनचं झाकण वितळलं, दोरीवरचे कपडे जळाले, छत काळं झालं. आई तीन पावलांवर स्वयंपाकघरात होती. तिला काही झालं नाही, माझा घसा मात्र त्या धुराने दोन दिवस जळजळत होता. मी दहा मिनिटांसाठी बाजारात गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

असं का होतं ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. 'लिथियम पॉलिमर' या नावामुळे आत सगळं घट्ट, कोरडं असेल असं वाटतं. पण आत द्रवच असतो, आणि तो पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचा असतो. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड, आणि दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. असे थर एकावर एक रचून ते स्टीलच्या नळकांड्याऐवजी पिशवीसारख्या मऊ वेष्टनात बंद केलेले असतात. मधल्या पडद्याला भोक पडलं, तो चेपला किंवा तापून वितळला, की दोन्ही बाजू आतल्या आत जोडल्या जातात आणि शॉर्ट होतो. या पडद्यातलं पॉलिथिलिन साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतं. एकदा आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागल्या की चार्जर बंद करूनही त्या थांबत नाहीत. तापलेल्या ऑक्साइडमधून ऑक्सिजनही सुटतो, त्यामुळे घोंगडं टाकून हवा बंद केली तरी आतली क्रिया चालूच राहते. माझ्या बॅटरीतला पडदा विमान आपटलं तेव्हाच दुखावला होता. नुसतं व्होल्टेज मोजून ते कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता फुगण्याबद्दल. आतला द्रव विघटन पावून वायू तयार झाला की ती पिशवी फुगते. प्रत्येक फुगलेली बॅटरी पेटतेच असं मी म्हणणार नाही. मैदानावर जराशी फुगलेली बॅटरी वापरणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत, तुमचा दुकानदारही बहुधा त्याच अनुभवावरून बोलला असेल. पण वायू झाला याचा अर्थ द्रव कमी झाला, थर एकमेकांपासून सुटू लागले, अंतर्गत रोध वाढला. म्हणजे तेवढाच करंट घेतला तरी आता ती जास्त तापणार. मोकळ्या मैदानावर कोणी तो धोका पत्करत असेल तर तो त्याचा प्रश्न. सातव्या मजल्यावर, मुलाच्या खोलीत, काही शे ते हजार-दोन हजार रुपयांच्या वस्तूसाठी तो पत्करू नये.

"मोबाइलमध्येही लिथियमचीच बॅटरी असते, ती तर आपण रात्रभर लावतो" असं बरेच पालक म्हणतात. मोबाइलच्या बॅटरीत एक छोटं संरक्षक सर्किट असतं. व्होल्टेज जास्त झालं, फार खाली गेलं, शॉर्ट झाला, तर ते बॅटरीचा संपर्क तोडतं. विमानाच्या पॅकमध्ये सहसा ते नसतं, कारण मोटरला एका झटक्यात वीस-तीस अँपिअर द्यायचे असतात. म्हणून तिथलं संरक्षण म्हणजे चार्जर, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर बंद करणारी सोय, आणि समोर बसलेला माणूस. यातला पहिला किंवा दुसरा चुकू शकतो, म्हणून तिसरा लागतो.

चार्जिंगचं गणित सोपं आहे. एका सेलचं पूर्ण व्होल्टेज ४.२, म्हणजे तुमच्या तीन सेलच्या पॅकचं १२.६. करंट १ सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतकाच, २२०० एमएएचसाठी २.२ अँपिअर. याला साधारण तासभर लागतो, आणि तो तास कोणीतरी मोठं माणूस त्याच खोलीत हवं. चार्जरवर 'लायपो' आणि '३एस' निवडलंय का हे दर वेळी वाचून बघा, आणि बॅलन्स लीड (प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला वेगळं कळवणाऱ्या बारीक वायरी) जोडल्याशिवाय सुरू करू नका. चुकून निकेल बॅटरीचा मोड निवडला गेला तर चार्जर ४.२ वर थांबत नाही, पुढे रेटत राहतो. आग लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे. विमानाबरोबर तीन दिव्यांचा छोटा चार्जर आला असेल तर त्यावर आकडे दिसत नाहीत. मग प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवणारा एक सेल चेकर वेगळा घ्या, तो फार महाग नसतो. उडवून आणलेली बॅटरी हाताला गरम लागत असेल तर ती थंड होईपर्यंत थांबायचं. विमान आपटलं असेल तर बॅटरी बाहेर काढून, मोकळ्या जागी ठेवून निदान अर्धा तास बघायची, आणि दबलेली दिसली तर ती बादच धरायची.

जागेचं. फ्लॅटमध्ये दाराजवळची रिकामी जागा सोयीची वाटते, पण तिथे कधीच नको. आग लागली तर ती तुमच्या आणि बाहेर पडायच्या वाटेच्या मध्ये येईल. ग्रॅनाइटचा ओटा जळत नाही म्हणून काही जण तिथे ठेवतात, पण ओट्याखाली गॅसची नळी असते. तुमच्या घरात फरशी असलेली सुकी गॅलरी असेल तर ती सगळ्यात बरी, फक्त ऊन थेट येत नसताना. वर दोरीवर कपडे नकोत, आजूबाजूला मीटरभर जळण्यासारखं काही नको.

तिथे मातीची मोठी कुंडी किंवा गवंडी वापरतात ते लोखंडी घमेलं ठेवा. तळाला चार बोटं कोरडी वाळू, त्यावर बॅटरी. चार्जर बाहेर, फक्त वायरी आत. मी वर लोखंडी जाळी ठेवतो आणि जाळीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन किलो वाळू. खाली पेटलं तर पिशवी वितळते आणि वाळू आपोआप बॅटरीवर पडते. ही युक्ती जगभरचे हौशी लोक वापरतात. झाकणाचा पत्र्याचा डबा मात्र घट्ट बंद करून वापरू नका, वायूला वाट मिळाली नाही तर तो फुटतो. बाजारात मिळणारी लायपो बॅग (आग सहन करणाऱ्या कापडाची पिशवी) ने-आण करायला चांगली. ज्वाळा ती बऱ्यापैकी अडवते, पण धूर बाहेर येतोच.

तरीही काही झालं तर, आधी मेन स्विच बंद करा, तेही हात सुरक्षित पोहोचत असेल तरच. फुगत चाललेली किंवा फुसफुसणारी बॅटरी हाताने उचलून खिडकीतून फेकायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका, ती हातातच पेटू शकते, आणि खाली माणसं असतात. कोरडी वाळू ओता. लिथियमवर पाणी टाकू नये असं सर्रास सांगितलं जातं, पण ते धातूरूप लिथियमबद्दल खरं आहे. या बॅटरीत लिथियम मुख्यतः संयुगाच्या रूपात असतं. वीज तोडलेली असेल तर भरपूर पाणी चालतं, उलट थंड करायला तेच सगळ्यात उपयोगी. विमानाच्या केबिनमध्ये मोबाइल पेटला तर कर्मचारीही शेवटी पाणी ओतूनच तो थंड करतात. पावडरचा अग्निशामक आजूबाजूची आग विझवेल, पण बॅटरी थंड करणार नाही, ती पुन्हा पेटू शकते. आणि धुरात उभं राहू नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसांना फार वाईट. आग बॅटरीपलीकडे पसरत असेल तर खोलीचं दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा. बॅटरीपायी कोणी आत थांबू नये.

फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं? ती घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती चेपली तर तिथे काम करणाऱ्या माणसांसमोर पेटेल. भंगारवाल्यालाही तशीच देऊ नका. आधी ती पूर्ण रिकामी करायची. गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, वाळूच्या घमेल्यात ठेवून, गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब तिला जोडा. तो साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे भरलेली बॅटरीही दीड तासाच्या आत उतरते. बल्ब विझला तरी काही तास तसाच जोडून ठेवा. तेवढा वेळ लक्ष ठेवा आणि बल्ब गरम असतो हे मुलाला सांगा. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. त्यात टोकं गंजून तुटतात आणि बॅटरी आत भरलेलीच राहू शकते, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. रिकामी झाल्यावर दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा. कनेक्टर कापून ठेवायचा असेल तर एका वेळी एकच वायर कापा. कात्रीने दोन्ही एकदम कापल्या तर शॉर्ट होतो. मग ती बॅटऱ्यांचा कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलन केंद्रात द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्यालाही विचारायला संकोच करू नका.

अकोल्याला नेताना बॅटरी पूर्ण भरलेली नको. सेलमागे ३.८ व्होल्ट, म्हणजे पॅकचे ११.४. चार्जरमध्ये 'स्टोरेज' मोड असेल तर तो हेच करतो. अशा बॅटरीत ऊर्जा कमी, म्हणून धोकाही कमी, आणि ती टिकतेही जास्त. भरून महिनाभर कपाटात ठेवलेली बॅटरी बऱ्याचदा फुगते, तुमची पहिली बॅटरी अशीच गेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मे महिन्यात तिकडे पारा ४५च्या आसपास जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे डॅशबोर्डवर किंवा डिकीत बॅटरी सोडून जेवायला उतरू नका, पिशवीत घालून बरोबर न्या. तिथे उडवायचं ते सकाळी लवकर. उतरल्यावर बॅटरी हातात धरवत नसेल तर विमान तिच्याकडून झेपतं त्यापेक्षा जास्त करंट ओढतंय, पंखा लहान करावा लागेल. बॅटरी किती करंट देऊ शकते ते सांगणाऱ्या, लेबलवरच्या 'सी'च्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, तो बहुतेक वेळा फुगवलेला असतो.

आणि उडवून झालं की बॅटरी विमानातून लगेच काढायची. रात्रभर जोडलेली राहिली तर ईएससी आणि रिसीव्हर तिला पार शून्यावर आणतात, आतलं तांबं विरघळू लागतं. अशी बॅटरी 'जागी' करायच्या युक्त्या इंटरनेटवर आहेत, त्या मुलाला करू देऊ नका.

मुलाचं विमान काढून घेऊ नका, ही माझी विनंती आहे. त्याला एक वही द्या. प्रत्येक बॅटरीला नंबर, खरेदीची तारीख, आणि दर चार्जनंतर तिन्ही सेलचे आकडे. तेरा वर्षांचं मूल हे उत्तम करतं, माझ्याकडे शिकायला येणारी मुलं करतात. कुठला सेल मागे पडतोय हे त्यांना माझ्याआधी कळतं.

तुमची दुसरी बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा आणि तिन्ही सेलचे आकडे इथे लिहा. तिघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अकोल्याला जाण्याआधी तीही बदलावी लागेल का ते बघू.